नंबर कुणाचा राखायचा?



ऑगस्ट 2017 मध्ये कोलंबोच्या मैदानात पालघरचा शार्दूल ठाकूर पाठीवर 10 नंबर घालून उतरला आणि देशभर बोंब उठली. हा नंबर सचिनचा! मग क्रिकेट बोर्डानं 10 नंबर गुपचूप बाजूला काढला. 2023 मध्ये धोनीचा 7 नंबरही गेला.

आमचं सचिनशी भांडण नाही. शंभर शतकं म्हणजे खायचं काम नाही. पण नंबर राखायचा तो नुसत्या धावा मोजून का? गोदीत आम्हालाही नंबर असतो, बिल्ल्यावर. मुकादम नावानं नाही, नंबरानं हाक मारतो. म्हणून नंबराचं कौतिक आम्हाला नाही. नंबरामागचा माणूस आम्ही बघतो.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला दार बंद होतं. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. पाठीवर 42. शिव्या खाल्ल्या, पण खेळला. पन्नास वर्षांनी, 1997 मध्ये, एका संघानं नव्हे, सगळ्या संघांनी 42 नंबर राखला. 2009 पासून दर 15 एप्रिलला गोरा असो की काळा, प्रत्येक खेळाडू 42 घालूनच उतरतो.

आपल्याकडं असा माणूस रॉबिन्सनच्या कितीतरी आधी होऊन गेला. बाळू पालवणकर. चर्मकार घरातला, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी सांभाळता सांभाळता तयार झाला. हिंदू संघाला त्याच्या विकेटा पाहिजे होत्या, स्पर्श नको होता. चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 विकेटा काढल्या. तरी हिंदूंनी त्याला कप्तान नेमलं नाही. ती जागा 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली. तीही भांडून.

कुणी म्हणेल, 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभा होता. होता, आणि हरला. पण त्या भांड्यातला चहा त्यानं प्यायला होता, हे त्या मतपेटीनं पुसलं जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगला एक विहीर आहे. तिचं पाणी बाबासाहेबांनी प्यायलं, म्हणून माणसं तिला मानतात. तिच्यातून हंडे किती निघाले, याचा हिशेब कुणी विचारत नाही. नंबर राखायचाही हाच न्याय पाहिजे. किती केलं ते नंतर बघू. आधी सांगा, दार कुणी उघडलं?

अडचण एकच. बाळूच्या काळी सदऱ्यावर नंबर नव्हते. मग ज्याला नंबरच नव्हता त्याचा राखायचा काय?

कोरा सदरा राखा. वर्षातून एक सामना मुंबईच्या अकराही खेळाडूंनी पाठीवर काहीही न लिहिता खेळावा. आणि चहा सगळ्यांनी मैदानाबाहेर उभं राहून, मातीच्या भांड्यात प्यावा.

मोठे लोक ऐकणार नाहीत. मग आपल्या वस्तीतल्या मॅचपासून सुरुवात करा. पांढरा सदरा लागतो, परवानगी नाही.