वर्गीकरणातील वर्ग : आयात होजिअरी आणि जकातीचे पुस्तक

परदेशातून आलेल्या तयार कपड्यांची पेटी बंदरावर उघडली जाते, तेव्हा त्या मालावर किती आयात जकात बसणार हे त्याच्या किमतीइतकेच त्याच्या नावावर अवलंबून असते. तो बनियन आहे की सदरा, सुती आहे की कृत्रिम धाग्याचा, पुरुषांचा आहे की स्त्रियांचा, नवा आहे की वापरलेला, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी जकातीच्या पुस्तकात एक स्वतंत्र क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकापुढे एक दर आहे. हे काम कारकुनी स्वरूपाचे आहे, ते अधिकाऱ्यांनी आणि दलालांनी आपापसांत उरकावयाचे असते, असा समज रूढ झाला आहे. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे काय स्वस्त झाले आणि काय महाग झाले याचा तक्ता छापतात. परंतु कोणता माल कोणत्या रकान्यात घालावयाचा हे कोण ठरविते आणि कोणाच्या हिताने ठरविते, याची चर्चा ती करीत नाहीत. वस्तुतः अर्धा निर्णय तेथेच झालेला असतो. वर्गीकरण या शब्दातील ‘वर्ग’ केवळ वस्तूंचा नसतो.

मागावरचे आणि सुयांवरचे

मराठीत मागावरचे लुगडे विणलेले आणि सुयांवरचा स्वेटरही विणलेलाच. जकातीच्या पुस्तकात मात्र ही दोन वेगळी जगे आहेत. उभ्या-आडव्या धाग्यांतून मागावर निघालेल्या कापडाचे तयार कपडे ६२ व्या प्रकरणात जातात. धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून केलेल्या, म्हणजे बाजारात ज्यांना होजिअरी म्हणतात त्या कपड्यांसाठी ६१ वे प्रकरण आहे, आणि होजिअरीच्या ताग्यांसाठी ६० वे. ही रचना ब्रसेल्स येथे १९८३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरली व १ जानेवारी १९८८ पासून अंमलात आली. भारताने आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची सूची १९८६ मध्येच तिच्या धर्तीवर बदलून घेतली होती. क्रमांकाचे पहिले सहा अंक हा करार पाळणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात. त्यापुढचे अंक, आणि मुख्य म्हणजे दर, ज्या त्या देशाचे सरकार ठरविते.

या प्रकरणाच्या आरंभीच्या टीपा वाचणाऱ्याला प्रथम हसू येईल. समोर उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचा, आणि काहीच ठरविता आले नाही तर तोही स्त्रियांचाच. कमरेखाली खिसा असेल किंवा खालच्या काठाला आवळून धरणारी पट्टी असेल, तर तो कपडा सदरा किंवा ब्लाउज या शीर्षाखाली राहत नाही. एका सेंटिमीटरमध्ये सरासरी १० पेक्षा कमी टाके भरले तरी तोच न्याय. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलाचा कपडा तान्ह्या बाळाचा समजावयाचा.

तथापि हा विनोदाचा विषय नाही. खिशाने दर बदलत असेल तर दरासाठीच खिसा शिवला जातो. अमेरिकेच्या बाजारात असे कपडे येत आले आहेत की ज्यांच्या कमरेखालच्या चिमुकल्या खिशाचा गिऱ्हाइकाला काडीचा उपयोग नाही; त्याचा उपयोग फक्त आयातदाराला, जकातीच्या वेळी. व्यापारी जगात या कसबाला अभियांत्रिकीचे गौरवाचे नाव आहे. गरिबाने रेशनकार्डावर चुकीची माहिती लिहिली तर तो गुन्हा. मोठ्या आयातदाराने नियमाच्या काठावर खिसा शिवला तर ते व्यवस्थापनाचे कौशल्य.

स्वस्त स्वेटरला बत्तीस, उंची स्वेटरला चार

वर्गीकरणाची दिशा कोणती असते, हे अमेरिकेच्या दरसूचीत सर्वांत स्पष्ट दिसते. होजिअरीच्या स्वेटरचे तेथील मूळ दर असे आहेत : कृत्रिम धाग्याचा ३२ टक्के, सुती १६.५ टक्के, मेंढीच्या लोकरीचा १६ टक्के आणि शेळीच्या अत्यंत महाग कॅशमियर लोकरीचा अवघा ४ टक्के. समजा, १० डॉलर आयात-किमतीचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर आणि १०० डॉलर किमतीचा कॅशमियरचा स्वेटर एकाच जहाजातून उतरले. पहिल्यावर ३ डॉलर २० सेंट जकात बसेल, दुसऱ्यावर ४ डॉलर. किंमत दहापट, कर सव्वापट. गोदामात रात्रपाळी करणारा मजूर आणि शेअर बाजारातील धनिक थंडीत जे अंगावर घालतात, त्यावर राज्यसंस्थेने बसविलेला हा भार आहे. आयकराची अशी उलटी शिडी कोणी मांडली असती तर संसदेत गदारोळ झाला असता. धाग्याच्या नावाआड ती अनेक दशके बिनबोभाट उभी आहे.

हे दर देशी उद्योगाच्या संरक्षणासाठी आहेत, असे उत्तर दिले जाते. परंतु अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक सर्व तयार कपडे आज बाहेरून येतात. ज्या गिरण्यांसाठी भिंत बांधली त्या बंद पडल्या, त्यांचे कामगार बेकार झाले आणि भिंत मात्र गरीब गिऱ्हाइकाकडून पथकर वसूल करण्यासाठी शिल्लक राहिली. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने भारतासह अनेक देशांच्या मालावर लादलेल्या जादा करांचा जगभर गाजावाजा झाला आणि तिरुपूरच्या कामगारांना त्याची प्रत्यक्ष झळ बसली. त्या जादा करांच्या खाली ही जुनी उलटी शिडी तशीच होती, याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले.

वजनातल्या एका टक्क्याचे राजकारण

मिश्र धाग्याच्या कपड्याचा नियम असा की वजनात जो धागा अधिक, त्या धाग्याचा तो कपडा समजावयाचा. म्हणजे सूत ५१ टक्के आणि पॉलिएस्टर ४९ टक्के असेल तर अमेरिकेत दर १६.५ टक्के, प्रमाण उलटे झाले की ३२ टक्के. दोन चिमट्या धाग्यावर निम्मा कर ठरतो, आणि कोणता धागा वापरावयाचा याचा निर्णय कापसाच्या शेताऐवजी वकिलाच्या कचेरीत होऊ लागतो.

इतिहासात याचा ठळक दाखला आहे. १९७४ पासून बहुधागा कराराने श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांच्या कपड्यांवर नगवारी मर्यादा घातल्या. त्या सुती, लोकरी आणि कृत्रिम धाग्यांपुरत्या होत्या. साहजिकच १९८० नंतरच्या काही वर्षांत रॅमी या वनस्पतिजन्य धाग्याचे प्रमाण वजनात थोडे अधिक ठेवून सुताबरोबर विणलेले स्वेटर अमेरिकेत मोठ्या संख्येने जाऊ लागले. १९८६ मध्ये कराराचे नूतनीकरण करताना रॅमी, लिनन आणि रेशमाचे मिश्रणही मर्यादेत ओढण्यात आले. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, चीनमध्ये विणलेले आणि हाँगकाँगमध्ये जोडलेले स्वेटर हाँगकाँगचे मानावयाचे नाहीत, असा नियम वॉशिंग्टनने केला. मुक्त व्यापाराचे पाठ देणाऱ्यांनी आपल्या सोयीप्रमाणे व्याख्या बदलल्या. या मर्यादा अखेर १ जानेवारी २००५ रोजी संपल्या. व्याख्यांची ताकद मात्र संपली नाही.

भारतातील चित्र

भारतात होजिअरी म्हणजे तिरुपूर, लुधियाना, कोलकाता येथील लहानमोठे कारखाने आणि त्यांतील लक्षावधी कामगार. त्यांत स्त्रिया आणि परप्रांतीय मजूर मोठ्या संख्येने आहेत. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सरकारने शेकडो कापड-वस्तूंवरील जकात १० वरून २० टक्क्यांवर नेली. काही मालावर किमतीवर टक्के किंवा वजनामागे अथवा नगामागे ठराविक रुपये, यांपैकी जे अधिक ते, अशी तरतूद आहे. खोट्या कमी किमतीची बिले दाखवून येणाऱ्या मालाला अडविण्यासाठी ती आवश्यकही आहे.

पण दर वाढविणे म्हणजे अंमलबजावणी नव्हे. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम धाग्याच्या होजिअरी ताग्यांच्या पाच क्रमांकांसाठी किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात-किंमत ठरविण्यात आली. त्याच वर्षी ही यादी तेरा क्रमांकांपर्यंत वाढवावी लागली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ क्रमांकांवर २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक ते, असा दर आला. एका रकान्याला कुलूप लावले की शेजारच्या रकान्याला लावावे लागते, याचा अर्थ उघड आहे. त्यातच २०११ पासून आपला माल कोणत्या क्रमांकाचा हे प्रथम आयातदारच स्वतः जाहीर करतो. धाग्यांचे प्रमाण डोळ्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. तपासणीची सरकारी यंत्रणा दुबळी ठेवून स्वयं-मूल्यांकन राबविणे म्हणजे प्रामाणिक लहान कारखानदाराला शिक्षा आणि चलाख आयातदाराला बक्षीस.

बांगलादेशचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०११ च्या नोव्हेंबरपासून दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये तेथील तयार कपडे भारतात जकातीशिवाय येतात. अट अशी की परक्या कच्च्या मालाचा आणि तयार वस्तूचा चार-अंकी क्रमांक वेगळा हवा व परक्या मालाचे मूल्य ७० टक्क्यांवर जाता कामा नये. चिनी तागा ६० व्या प्रकरणातला, त्याचा शिवलेला टी-शर्ट ६१ व्या प्रकरणातला. क्रमांक आपोआप बदलला. राहिली मूल्याची अट, आणि ती कागदपत्रांवर अवलंबून. यावर तोडगा म्हणून सरकारने १७ मे २०२५ रोजी बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद केला आणि न्हावा-शेवा व कोलकाता या दोनच बंदरांतून प्रवेश ठेवला. हा राजनैतिक कुरघोडीचा भाग होता. त्याने धाग्याचे मूळ तपासले गेले नाही. फक्त रस्ता लांबला.

नारायणगंजची शिवणकामगार ही तिरुपूरच्या कामगाराची शत्रू नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाच्या ढिगाऱ्याखाली अकराशेहून अधिक जीव गेले, ते याच स्वस्त टी-शर्टसाठी गेले. सवलतीचा फायदा तिच्या वेतनात पोचतो की मधल्या खरेदीदार कंपनीच्या नफ्यात मुरतो, हा खरा प्रश्न आहे.

काय व्हावयास हवे

सर्व कपड्यांना एकच दर लावून वर्गीकरणाची कटकटच संपवावी, असा सल्ला उदारीकरणवादी देतात. तो स्वीकारला तर बनियन आणि कॅशमियर एका पंगतीत बसतील आणि लहान उद्योगाचे उरलेसुरले संरक्षणही जाईल. दोष बारकाव्यांत नाही, त्यांच्या दिशेत आहे. गरजेच्या वस्तूंवर कमी आणि चैनीच्या वस्तूंवर अधिक, या तत्त्वावर शिडी उभी करावी. जेथे कामगारांच्या रोजगारासाठी स्वस्त मालावरही संरक्षण हवे तेथे ते मुदतबंद, जाहीर आणि कामगारांच्या वेतनाशी जोडलेले असावे. बंदरांवरील प्रयोगशाळा सुसज्ज कराव्यात व रिकामी पदे भरावीत. वर्गीकरणाचे निर्णय भारतीय भाषांतून प्रसिद्ध करावेत. दर आणि व्याख्या ठरविताना मोठ्या आयातदारांच्या व निर्यातदारांच्या मंडळांप्रमाणेच कामगार संघटना आणि लहान कारखानदार यांनाही बोलवावे. बांगलादेशाशी बोलणी करून धाग्याचे मूळ आणि मजुरीचे मान यांची संयुक्त तपासणी सुरू करावी.

ज्या टीपेवर एका सेंटिमीटरमधील टाके मोजले जातात, त्या टीपेत ते टाके घालणाऱ्या हातांचा उल्लेख नाही. जकातीचे पुस्तक अधिकाऱ्यांच्या आणि दलालांच्या टेबलावर बंद राहील तोवर तो उल्लेख येणारही नाही. ते उघडून वाचणे आणि त्यातील प्रत्येक रकाना कोणाच्या बाजूने झुकला आहे हे विचारणे, हे कामगार चळवळीचेही काम आहे.