एक जोडणी, अनेक माणसे

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून तत्काळ तिकीट काढण्यासाठी 1 जुलै 2025पासून आधार-प्रमाणित खाते सक्तीचे झाले. त्याआधी सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचे रेल्वेने जाहीर केले होते. तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला, इतर वर्गांसाठी अकराला सुरू होते. त्या पहिल्या काही मिनिटांत एकच दलाल शेकडो नावांनी रांगेत उभा राहिला, तर सामान्य प्रवाशाच्या वाट्याला प्रतीक्षायादीच येणार. म्हणून बंदोबस्त हवाच. प्रश्न एवढाच, की अनेक खात्यांमागे एकच माणूस आहे, हे ओळखायचे कशावरून?

सर्वांत स्वस्त खूण म्हणजे इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता. एका पत्त्यावरून अनेक खाती चालताना दिसली की ती सरसकट बंद करण्याचा मोह कोणत्याही यंत्रणेला होतो. पण कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टैसारख्या गावाचा विचार करा. घरात वायफाय एकच. त्यावर आजोबा, सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू अशी तिघांची तीन खाती. ई-सेवा केंद्रातील एका संगणकावर दिवसभरात कितीतरी गावकऱ्यांची कामे होतात. मोबाइलवर तर शेजारधर्माचीही गरज नाही. आयपीव्ही4 प्रणालीत एकूण पत्तेच सुमारे 430 कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून कमी. त्यामुळे दूरसंचार कंपन्या परस्परांना कधीही न भेटलेल्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. 2006 संपून 2007 उजाडताना विकिपीडियाने उपद्रवामुळे एक पत्ता रोखला, तेव्हा कतारमधील खाते नसलेल्या जवळजवळ साऱ्याच संपादकांना दार बंद झाले. कारण देशाची बहुतेक वाहतूक त्या एकाच पत्त्यावरून होत होती.

सामूहिक दोषारोपाची ही रीत आमच्या चोळमंडलाला नवी नाही. पहिल्या परांतकाच्या काळातील उत्तिरमेरूरच्या शिलालेखात ग्रामसमितीच्या निवडीचे नियम कोरलेले आहेत. समितीवर राहून हिशेब न देणारा अपात्र ठरे. त्याच्याबरोबर त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामा आणि सासरेही. हजार वर्षांपूर्वीच्या गावात नातेवाइकांचे हितसंबंध गुंतलेले असत, एवढे तरी त्या नियमामागे कारण होते. आयपी पत्ता समान असलेल्यांत तेवढेही नाते नसते.

म्हणून समान पत्ता हा संशयाचा आधार मानावा, पुरावा नव्हे. खाती कोणत्या क्षणी उघडली, क्षणार्धात अर्ज कसे भरले गेले, पैसे एकाच ठिकाणाहून आले का, हे वर्तन तपासावे. संशय आला तर आधी वेग मर्यादित करावा, मग ओळख पडताळावी. बंदी हा शेवटचा उपाय. ती घालताना कारण कळवावे आणि दाद मागण्यासाठी मुदत द्यावी. बाजू ऐकल्यावाचून शिक्षा नाही, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व निर्णय संगणकाने घेतला म्हणून रद्द होत नाही.

सर्वत्र आधार मागणे हेही उत्तर नव्हे. तत्काळ तिकिटासारख्या दुर्मीळ सार्वजनिक वस्तूसाठी कडक ओळख समर्थनीय आहे. प्रत्येक संकेतस्थळाने ती मागू लागणे नाही. दलालाला दुसरी जोडणी विकत घेता येते. एकाच जोडणीवर निभावणाऱ्या कुटुंबाला ते परवडत नाही, आणि चुकीच्या नियमाचा भार नेमका त्याच्यावरच पडतो.