हार नको, बिंदुनामावली दाखवा

विद्यापीठाच्या फलकावर वसंतातल्या कार्यक्रमांचं पत्रक लागलंय. दोन पानी. पहिल्या पानावर कार्यक्रम, दुसऱ्यावर 'कर्मचारी वृत्त'. पहिलं पान सगळे वाचतात. दुसरं कुणी वाचत नाही. मित्रांनो, खरा मजकूर दुसऱ्या पानावर असतो. म्हणून हे लिहितोय.

आधी पहिल्या पानाचा थाट बघा. १० मार्चला सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर व्याख्यान. ११ एप्रिलला जोतिबांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. अधेमधे स्नेहसंमेलन, निबंध स्पर्धा, रांगोळी स्पर्धा. ज्या माणसाला यांच्या बापजाद्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याच्या तसबिरीपुढं आता उंबऱ्यावरची रांगोळी! अध्यक्ष कुलगुरू. पाहुणे कुणी निवृत्त साहेब. आणि आभारप्रदर्शन आमच्या माणसाकडे. आभार मानायचं काम तेवढं आमचं. पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलोय.

आता पान उलटा. तीन प्राध्यापक निवृत्त, शाल-श्रीफळ. दोघांना पदोन्नती, पुष्पगुच्छ. एक जण परदेशात परिषदेला जाऊन आला, त्याचं अभिनंदन. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या जागेला सुयोग्य उमेदवार मिळाला नाही, सबब पद रिक्त.

तो न मिळालेला उमेदवार मी आहे.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तुमच्या ओळखीचं कुठलंही घाला, बसून जाईल. मुलाखतीला आम्ही नऊ जण होतो. सगळे नेट नाहीतर सेट, पाच जण पीएच.डी. मला विषयावर दोन प्रश्न विचारले. तिसरा प्रश्न, वडील काय करतात? म्हटलं, नगरपालिकेत झाडूवाले होते. समितीतल्या एका विद्वानानं पेनाला टोपण लावलं. मुलाखत संपली.

आता गंमत ऐका. ज्या विषयाला मी अयोग्य ठरलो तोच विषय, त्याच विभागात, त्याच वर्गात चार वर्षं मीच शिकवतोय. तासिका तत्त्वावर. आठवड्याला नऊ तास. म्हणजे तासाला मी चालतो, महिन्याला चालत नाही. फळ्यासमोर लायक, पगारपत्रकात नालायक! सुट्टी लागली की पैसे बंद. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवं हमीपत्र, कायम करा म्हणून हक्क सांगणार नाही अशी पुन्हा सही. गावाकडं याला सालगडी म्हणत. सालगड्याला निदान वर्षाच्या ज्वारीचं माप ठरलेलं असायचं. आम्हाला तेही नाही.

हे माझ्या पोटाचं रडगाणं नव्हे. पोट आहेच, ते कुठं जातंय? पण प्रश्न त्याहून जुना आहे. शिकवणार कोण?

हा प्रश्न आम्ही आज काढलेला नाही. ज्या जोतिबांना तुम्ही ११ एप्रिलला हार घालणार, त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन ठेवलं. त्यात नुसती शाळांची मागणी नव्हती. शाळेतले मास्तर जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांत मिसळेल असा मास्तर त्यांच्यातूनच घ्या, हे त्यांनी गोऱ्या सरकारला स्पष्ट सांगितलं. म्हणजे जोतिबा तुमचं दुसरं पान वाचत होते. तुम्ही त्यांना उचलून पहिल्या पानावर टांगलंत.

आणि बाबासाहेब? नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. त्या वेळचं 'कर्मचारी वृत्त' काय होतं ठाऊक आहे? प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला या माणसानं हात लावू नये म्हणून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली! ते अडाणी गावगुंड नव्हते. तेही प्राध्यापकच होते. पुढं, २० मार्च १९२७ ला, त्याच माणसानं महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तुम्ही त्या तळ्यावर व्याख्यान ठेवता. स्टाफरूममधल्या भांड्यावर कधी ठेवलंत?

१९३६ च्या वसंतातला एक कार्यक्रमही ऐकून ठेवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं. भाषण छापून तयार झालं. मंडळाला ते झोंबलं. म्हणाले, थोडं बदला. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं काढलं आणि ते आज जगभर वाचलं जातंय. कार्यक्रम गेला तरी चालेल, म्हणणं जाता कामा नये. आपल्या उत्सव समित्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता विचाराल, कायदा आहे, आरक्षण आहे, मग जागा जातात कुठं? कुठं जातात ते सांगतो.

पहिली वाट मोजणीची. संपूर्ण विद्यापीठ एक धरून जागा मोजल्या तर राखीव जागा निघतात. विभाग-विभाग सुटा धरला तर निघत नाहीत. २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं विभाग हे एकक धरलं. ५ मार्च २०१८ ला यूजीसीनं तसं पत्र काढलं. हाच तो तेरा बिंदूंचा रोस्टर. त्यात चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी अनुसूचित जमातीची. आता तीन-चार जागांच्या विभागात सातवी जागा कुणाच्या हयातीत येणार? आणि चौदावी? आदिवासीच्या नातवानं तरी वाट बघावी का? २२ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही अपील फेटाळलं. मग पोरं रस्त्यावर उतरली. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, ७ मार्चला वटहुकूम निघाला आणि जुलैमध्ये केंद्रीय संस्थांपुरता कायदा झाला. विद्यापीठ पुन्हा एक एकक. हा वसंत कुठल्या परिपत्रकात नव्हता. तो रस्त्यावर आला होता.

दुसरी वाट मुलाखतीची. मेरिट, मेरिट म्हणून आमच्या कानाशी ढोल बडवतात ना? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनं काय ठरवलं बघा. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्या, नेट, प्रकाशनं यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड निव्वळ मुलाखतीवर. म्हणजे देवळाबाहेर चपला काढतात तसे गुण दाराबाहेर काढून आत यायचं. आत फक्त चेहरा, आडनाव आणि बापाचा धंदा. समितीत मागासवर्गाचा सदस्य असावा, असंही तिथंच लिहिलंय. पण त्याला नेमतो कोण? कुलगुरू. कुलगुरूंच्या मर्जीतला माणूस कुलगुरूंसमोर किती बोलेल?

तिसरी वाट सगळ्यात सोपी. योग्य उमेदवार नाही म्हणायचं आणि जागा पडीक ठेवायची. पडीक जमिनीवर कुणाचा डोळा असतो हे आम्हाला सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये यूजीसीच्या एका मसुद्यात न भरलेल्या राखीव जागा खुल्या करण्याची तरतूद बाहेर आली. बोंब उठली तेव्हा सरकारनं घाईघाईनं खुलासा केला, एकही जागा खुली होणार नाही. बोंब उठली म्हणून. हे विसरू नका.

आता थोडं आपल्या घरात. नामांतरासाठी मराठवाड्यानं काय मोजलं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही अर्धामुर्धा. साडेपंधरा वर्षं एका नावासाठी! नाव कमानीवर आलं. पण कमान शिकवत नाही लेकाहो, माणूस शिकवतो. त्या नावाखाली कोण बसतो हे बघायचं सोडून आपले काही पुढारी डीजेचा आवाज किती आणि केक किती किलोचा यात गुंग आहेत. कुलगुरूंबरोबर फोटो काढला की यांची चळवळ संपली. कायम झालेले आपले काही प्राध्यापकही तसलेच. निळा फेटा वर्षातून एकदा, तोंड वर्षभर बंद. त्यांनाही जय भीम, पण जाब त्यांनाही विचारायचाच.

मागणी साधी आहे. एक, प्रत्येक विभागाची बिंदुनामावली त्याच फलकावर लावा, पत्रकाच्या शेजारी. कुठला बिंदू कुणाचा, कधीपासून रिकामा, किती वेळा जाहिरात निघाली, सगळं. दोन, 'सुयोग्य नाही' म्हणायचं असेल तर प्रत्येक उमेदवाराला किती गुण दिले आणि का, हे सह्यांनिशी लिहा. तीन, त्या रिकाम्या जागेचे तास जो शिकवतो त्याला अयोग्य म्हणायची लाज बाळगा.

देणार नाहीत, ठाऊक आहे. मग पोरांनो, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निबंध स्पर्धेत दहा पानं खरडण्यापेक्षा एक पान तिथं खरडा. प्रत्येक विभागासाठी एक.

आणि १४ एप्रिलला मंडपात पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची आम्ही ठेवणार आहोत. तिच्या पाठीवर रिक्त पदाचा बिंदू क्रमांक खडूनं लिहिलेला असेल. कुलगुरू साहेब, तसबिरीकडं जाताना वाटेत ती लागेल. हार हातात धरून तिथं थांबा, आणि माईकवर सांगा, ही खुर्ची कधी भरणार? तारीख सांगा. मग पुढं जा.

जय भीम!