खडकाच्या नोंदी कोणाकडे?

कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड भूगर्भात साठवण्याचा आराखडा नीती आयोगाने २०२२ मध्ये मांडला. त्यासाठी दख्खनच्या बेसाल्टचेही नाव घेतले जाते. याच बेसाल्टच्या मुलखात, कोयनेला, १९६७ मध्ये ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. शास्त्रज्ञ त्याचा संबंध जलाशयाशी जोडतात. दाबाने सोडलेल्या वायूमुळेही जुने भ्रंश सरकू शकतात. नॉर्वेने स्लाइपनर येथे १९९६ पासून समुद्रतळाखाली साठवलेल्या वायूचा माग कृत्रिम भूकंपलहरींनी वेळोवेळी घेतला. पण तो वालुकाश्म. थरांच्या बेसाल्टमध्ये हे चित्र धूसरच उमटते. तेव्हा पहिला टन सोडण्याआधीच भूकंपमापकांचे जाळे हवे आणि त्याच्या नोंदी कंपनीच्या कपाटात नव्हे, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे आणि लोकांसाठी खुल्या हव्यात. दिल्लीने ही अट परवान्यातच घालावी.