आठ दिवसांत लावणी

ऑगस्ट उजाडला की आमच्या नाशकात माझा भाव एकदम वधारतो. एरवी कॉलनीत माझी ओळख 'ती कॉम्प्युटरवाली' एवढीच. पण गणपती जवळ आले की कुणी ना कुणी गाठतंच. "अगं, तू कथक शिकलीयेस ना? आमच्या ग्रुपची लावणी बसवून दे ना. सोप्पी दे हं, आठच दिवस राहिलेत!"

तर मंडळी, आज या आठ दिवसांच्या लावणीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे. आठ दिवसांत स्टेप्स पाठ होतात, नाच बसत नाही. इतर नाचात हे अर्धवटपण फार तर हसण्यावारी जातं. लावणीत मात्र ते नाचणारीच्या अंगाशी येतं. कारण लावणी प्रेक्षकांच्या डोळ्यात डोळे घालून करायची असते, आणि ज्या बाईचा स्वतःच्या शरीरावर ताबा नाही तिचा समोरच्या गर्दीवर ताबा राहत नाही. मग गर्दीच तिला नाचवते. रियाज करायचा तो यासाठी.

लावणीसारखीच बदनामी वाट्याला आलेला दुसरा नाच म्हणजे बेली डान्स. आपल्याला तो 'शोले'तल्या (१९७५) हेलनमुळे माहीत. अरबी भाषेत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. इजिप्तमध्ये तहिया करिओका, सामिया गमाल अशा नर्तकींनी तो सिनेमातून घरोघरी पोचवला. बघणाऱ्याला वाटतं, कंबर हलवली की झालं! पण त्या नाचाचा पाया वेगळाच आहे. एक अवयव हलवायचा आणि बाकीचं शरीर स्थिर ठेवायचं. कंबर फिरतेय पण खांदे जागच्या जागी. खांदे थरथरतायत पण हनुवटी हललेली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका मॉड्यूलमधला बदल दुसऱ्या मॉड्यूलमध्ये दिसता कामा नये. हे दहा मिनिटं करून बघा. पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे असे स्नायू दुखतील की जे आपल्याला आहेत हेही माहीत नव्हतं.

लावणीत हेच तत्त्व आणखी पुढे जातं. तिचा एक प्रकार आहे बैठकीची लावणी. बसून गायची, आणि जे काही सांगायचं ते डोळे, भुवया, मान, बोटं आणि पदराचं टोक यांतून. यमुनाबाई वाईकर (१९१५ ते २०१८) आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांची कीर्ती अशा अदाकारीवर उभी होती. यमुनाबाईंना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या कलेला लोक 'कंबर हलवणं' समजतात, तिच्यातला सगळ्यात अवघड भाग कंबर न हलवता करायचा आहे!

म्हणून लावणी बसवायला कुणी आलं की मी पहिले दोन दिवस कुणालाच उभं राहू देत नाही. सतरंजीवर बसायचं, गाणं लावायचं आणि फक्त चेहऱ्याने सांगायचं. कोणाला सांगतेय, काय सांगतेय, रागवलीये की चिडवतेय? हे ठरलं नसेल तर उभं राहून काय करणार? बायका सुरुवातीला लाजतात, मग कंटाळतात आणि तिसऱ्या दिवशी "आता तरी स्टेप्स दे" म्हणतात. पण तोवर निम्मं काम झालेलं असतं.

स्टेप्स मोबाइलवर बघून उचलायच्या, हा आजचा राजमार्ग. त्यावर आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. भस्मासुराची! मोहिनी नाचत गेली, तो तिची नक्कल करत गेला, तिने हात डोक्यावर ठेवला, यानेही ठेवला... आणि राख झाली. गंमत म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्ये नाशकात येऊन जो सिनेमा केला तो हाच, 'मोहिनी भस्मासुर'. त्यात मोहिनी झाल्या होत्या कमलाबाई गोखले आणि पार्वती झाल्या होत्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाला व्हावं लागलं होतं, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळाली नव्हती. आपल्या सिनेमात बाई आली ती अशी, नाचाच्याच गोष्टीतून.

तर भस्मासुर होऊ नका. सिनेमातली लावणी तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. दोन तुकड्यांच्या मध्ये नर्तकी श्वास घेते, पदर सारखा करते, पाणी पिते. तुम्हाला तीच चार मिनिटं सलग नाचायची आहेत. शिवाय कॅमेरा डोळ्यांच्या जवळ जातो, त्यामुळे तिथे नुसती पापणी पुरते. कालिदास कलामंदिरातल्या शेवटच्या रांगेला तुमची पापणी दिसत नाही. तिथे नजर मानेसकट वळवावी लागते आणि पोचेपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. 'नटरंग' (२०१०) आल्यापासून लावणी घरोघरी पोचली ही चांगलीच गोष्ट आहे, पण पडद्यावरचा नाच स्टेजवर जशाच्या तसा चालत नाही.

आता सरावाचं. कथकमध्ये आम्हाला नाचायच्या आधी बोल हाताने ताल देत तोंडाने म्हणायला लावायचे. त्याला पढंत म्हणतात. तोंडाने जे चुकतं ते पायाने हमखास चुकतं. लावणीतही आधी ढोलकी ऐका, मात्रा मोजा, कडवं कुठे संपतं आणि सम कुठे येते ते तोंडपाठ करा. मग निम्म्या वेगाने नाचा. कोणत्याही मोबाइलवर गाण्याचा वेग कमी करता येतो. वेगात चुका लपतात, संथ लयीत उघड्या पडतात, म्हणूनच सगळ्यांना संथ करायचा कंटाळा येतो.

आरशासमोरचा सराव अर्ध्यावर बंद करा. आरशाची सवय झाली की स्टेजवर डोळे सैरभैर होतात. त्याऐवजी मोबाइल समोर ठेवून चित्रण करा आणि नंतर आवाज बंद करून बघा. आवाजाशिवायही गोष्ट कळतेय का? कळत असेल तर नाच आहे, नसेल तर व्यायाम.

प्रॉडक्शनमध्ये जे चालणार त्याचंच टेस्टिंग करायचं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथेही तेच. ट्रॅक पँटवर सराव करून कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा नऊवारी नेसू नका. नऊवारीत पाऊल वेगळं पडतं, बसताना काष्टा ओढला जातो, पदराची पिन ऐन गिरकीत सुटते. निदान तीन तालमी पूर्ण नेसून करा. चाळ बांधायचे असतील तर आधी पन्नास घुंगरांपासून सुरुवात करा. शंभर-दीडशेचं वजन घोट्याला एकदम झेपत नाही. खाली कापडाची पट्टी गुंडाळा, नाहीतर कातडी सोलून निघते. आणि घरातल्या फरशीवर जोरजोरात पाय आपटू नका. फरशीखाली काँक्रीट असतं, ते दबत नाही, सगळा दणका नडगीला आणि गुडघ्याला बसतो.

मांडवातलं स्टेज नाचायच्या आधी अनवाणी चालून बघा. खिळा, फळ्यांमधली फट, जाजमाची सुरकुती, गजऱ्याची गळलेली फुलं. पाय घसरायला एक ओलं फूल पुरतं. गाणं दोन ठिकाणी ठेवा आणि साउंडवाल्याकडून एक स्पीकर स्टेजच्या दिशेने लावून घ्या. समोर ठणाणा वाजत असतं आणि नाचणारीला काही ऐकू येत नाही, हे फार वेळा होतं. चुकलात तर थांबू नका, तोंड वेडंवाकडं करू नका, पुढच्या समेला पकडा. तुमच्या स्टेप्स प्रेक्षकांना पाठ नसतात.

आठच दिवस हातात असतील तर आख्खं गाणं घेऊ नका. ध्रुवपद आणि एक कडवं बास. दोन दिवस बसून, तीन दिवस संथ, तीन दिवस नऊवारीत. दोन मिनिटांचा नेटका नाच साडेचार मिनिटांच्या धावपळीपेक्षा कधीही चांगला.

आता प्रेक्षक. शिट्ट्या होणार. चौफुल्याच्या किंवा मोडनिंबच्या कलाकेंद्रांत वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. भूषण कोरगांवकरांच्या 'संगीत बारी' या पुस्तकातून (२०१४) ते जग वाचायला मिळतं. त्याच नावाच्या रंगमंचीय कार्यक्रमात शकुंतलाबाई नगरकरांना बघितलंत तर ताबा म्हणजे काय ते कळेल. त्या प्रेक्षकांशी बोलतात, थट्टा करतात, पण कुणाला किती जवळ येऊ द्यायचं हे त्या ठरवतात. हा ताबा आयुष्यभराच्या कामातून येतो. आपल्याला तो आठ दिवसांत येणार नाही, म्हणून हौशी ग्रुपने एक नियम आधीच मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगून ठेवावा. कुणी स्टेजवर चढलं, नोटा उडवल्या, तर गाणं बंद. कार्यक्रम बिघडला तरी चालेल.

"कार्यक्रम चालूच राहिला पाहिजे" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, असं सांगतात. आपण ती कलेवरच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो, टाळ्या घेतो. मला त्यात एक बाई दिसते जिला सुट्टी घ्यायची सोय नव्हती, कारण तिच्यावर आख्ख्या फडाचं पोट होतं. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

आपल्यापैकी कुणाचं पोट गणपतीतल्या लावणीवर नाही. तेव्हा गुडघा दुखत असेल, ताप असेल, समोरची गर्दी बरी वाटत नसेल, तर सरळ नाही म्हणा आणि खाली उतरा. ज्यांना ती मोकळीक कधीच नव्हती, त्यांची कला आपण हौसेखातर उसनी घेतोय. निदान ती नीट सराव करून घेऊया.