नवी सायकल कुरकुरते तेव्हा

आमचा धाकटा भाऊ धुळ्याजवळच्या खेड्यात राहतो. गेल्या जूनमध्ये त्याने मुलीला नवी सायकल घेतली. मुलगी नववीत, शाळा चार किलोमीटरवर. पंधरा दिवस घरात आनंदीआनंद होता. मग पायडल मारताना 'कट-कट' आवाज येऊ लागला. आजी म्हणाली, "नवी सायकल शे ना, मंग कुरकुर कशी करस?" आम्ही भेटीला गेलो होतो. आम्हीच म्हणालो, "चालव तशीच, आवाजाने काय होते?" महिन्याभरात डाव्या पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, भर रस्त्यात निसटला. पोर सायकल ढकलत घरी आली. क्रँक आणि आतला एक्सल दोन्ही बदलावे लागले. पैसे जुळेपर्यंत आठवडाभर शाळा बुडाली. वेळीच नट कसला असता तर पाच मिनिटांचे काम होते. चूक आमची, म्हणून हा लेखनप्रपंच.

जळगावला परत आल्यावर गल्लीतल्या जुन्या सायकल कारागिराला विचारले. त्यांनी समजावले ते असे. सायकल कारखान्यातून सुट्या भागांत येते, दुकानात जोडली जाते. चालू लागली की नट-बोल्ट, चाकाच्या तारा, ब्रेकची केबल आपापल्या जागी बसतात आणि थोड्या सैल पडतात. हा मालाचा दोष नव्हे. म्हणून पहिल्या १०० किलोमीटरनंतर सायकल एकदा तपासून, कसून घ्यावी. रोजचे जाऊन-येऊन ८ किलोमीटर धरले तर शाळेचे १२-१३ दिवस झाले.

आवाज कुठला, हे घरीच ओळखता येते. चालत्या सायकलवर पायडल मारणे थांबवा. आवाज थांबला तर दुखणे पायडल, क्रँक किंवा चेनमध्ये आहे. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा मडगार्ड पाहा. मात्र पायडल थांबल्यावर मागच्या चाकातून येणारी बारीक टिकटिक फ्रीव्हीलची असते, ती असायचीच. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'कट' वाजले तर क्रँक सैल आहे. कॉटर पिन असेल तर ती ठोकून नीट बसवून मगच नट कसावा लागतो. ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा घासल्याचा आवाज आला तर चाक आउट झाले आहे. तारा स्वतः पिळू नयेत, कारागिराकडून आउट काढून घ्यावा. सीटवरून उठून पायडल मारल्यावर कुरकुर थांबली तर सीटचे नट कसा.

पायडल कसताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कसते, डावे त्याच्या उलट. हे न कळल्याने जोर लावून आटे खराब केलेले पुष्कळ जण आहेत.

आपल्या खानदेशात काळ्या मातीची धूळ फार. चेन कोरडी पडली की 'चीं-चीं' करते आणि लोक वरून भरपूर तेल ओततात. त्या तेलावर धूळ बसते आणि तीच चेनला घासून खाते. आधी चेन फडक्याने पुसावी, मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब तेल सोडावे, पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुसून काढावे. रिमला व ब्रेकच्या रबराला तेल लागू देऊ नये. ब्रेक लागणार नाही. आता जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर पातळ टायरच्या, गिअरच्या सायकलीही दिसतात. त्यांनाही हीच रीत लागू. फक्त सुरुवातीला गिअरची केबल सैल पडून चेन खडखडते, ती ताणून घ्यावी लागते.

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात ठरावीक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ साली ती ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पण अशी सायकल नादुरुस्त होऊन भिंतीला टेकली, की घरात हळूच विषय निघतो, "राहू दे आता शाळा, लांब पडते." पोरीचे शिक्षण एका सैल नटापायी थांबू नये.

भावाच्या मुलीने आता स्वतः पान्हा हाती घेतला आहे. दर रविवारी ती हवा, ब्रेक आणि नट तपासते, चेन पुसते. परवा आजीच्या शेजारणीच्या मुलीचीही सायकल तिने कसून दिली. आपल्या घरी नवी सायकल येईल तेव्हा दुकानातून एक पान्हा आणि तेलाची लहान बाटलीही आणा. आणि ती वडिलांच्या नव्हे, सायकल चालवणाऱ्या मुलीच्या हाती द्या.