तपासलेली वही परत द्या!

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या आवारात एक जीप येऊन उभी राहिली. तिच्यातून चार-पाच तरुण मंडळी उतरली. वजनाचा काटा, उंची मोजण्याची पट्टी, बोटाला टोचावयाच्या सुया आणि छापील तक्त्यांचे गठ्ठे त्यांच्याबरोबर होते. मी चित्रकलेचा शिक्षक. म्हणून मुलांची रांग लावण्याचे काम माझ्याकडे आले. वजने झाली, उंच्या झाल्या, बोटांतून रक्ताचे थेंब निघाले. सकाळी काय खाल्ले, घरी संडास आहे का, आई मजुरीला जाते का, हेही विचारून झाले. सातवीतली एक मुलगी टोचलेले बोट तोंडात धरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, माझ्या रक्तात काय निघालं?" मी मोठ्या भरवशाने म्हणालो, "कळवतील ते."

त्यांनी कळवले नाही. वर्षभर वाट पाहून मी पत्र घातले. 'अहवाल वरिष्ठांकडे सादर केला आहे,' असे दोन ओळींचे उत्तर आले. मुलगी पुढे शाळा संपवून गेली. तिच्या रक्तात काय आहे हे वरिष्ठांना ठाऊक आहे. तिला आणि तिच्या आईला ठाऊक नाही!

मी मॅट्रिक झालेला माणूस. कादंबऱ्या लिहितो एवढ्यावरून मला संशोधनातले काय कळणार, असे कोणी विचारील. कबूल आहे. पण वही तपासणे मला कळते. मुलाची वही तपासून मी ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून दिली आणि मुलाला म्हणालो, "तुझ्या चुका मी वर कळवल्या आहेत," तर पालक मला शाळेत उभे करतील काय? सार्वजनिक आरोग्याच्या नावाने गावोगाव जी पाहणी चालते, तिच्यातील बरीचशी नेमकी अशीच चालते. वही आमची, चुका आमच्या, गुण मात्र तपासणाऱ्याला!

याला उत्तर ठरलेले असते. लोकांना ते कळणार नाही म्हणे. अहो, मुलाला गेल्या पंधरवड्यात किती वेळा जुलाब झाले, हे विचारताना तुम्हाला मराठी येत होते ना? मग त्या उत्तरांतून काय निघाले, हे सांगतानाच ती भाषा कशी आटते? जी बाई सावकाराचे व्याज तोंडी मांडते आणि रेशनचे धान्य मापात कमी पडले तर दुकानदाराला जाब विचारते, तिला 'गावातल्या दहा मुलींपैकी इतक्या जणींचे रक्त कमी आहे' हे वाक्य कळणार नाही, असे म्हणणे हा तिचा अपमान आहे.

दुसरे उत्तर, लोक घाबरतील. न सांगितल्याने रोग बरा होत असता तर मीही गप्प बसलो असतो. एकेकीचा आकडा चावडीवर लावा, असे माझे म्हणणे नाही. जिचे तिला एकांतात सांगावे आणि गावाचे गावाला सांगावे, एवढा विवेक ज्याला आहे त्याला भीतीचे निमित्त पुढे करण्याचे कारण नाही.

तिसरे उत्तर सर्वांत प्रतिष्ठित. 'आमचे काम शोधून छापण्याचे. पुढचे सरकार पाहील.' याला उत्तर आमच्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे नवजात मुले कशाने दगावतात याचा त्यांनी शोध घेतला. पण ते ज्ञान कागदात न ठेवता गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांच्या हाती दिले. ३९ गावांत बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ज्यांना 'कळणार नाही' म्हणतात, त्याच बायांनी हे केले.

हे १९९९ साली छापून आले. आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासावे, ही योजना केंद्र सरकारने देशभर लागू केली २०११ साली. बारा वर्षे! छापले म्हणजे पोचले असे मानणाऱ्यांनी ही बारा वर्षे मोजावीत आणि त्या अवधीत जन्मलेली मुलेही मोजावीत.

सरकारपर्यंत तरी कसे पोचावयाचे? इंग्रजी अहवालाचा जाड ग्रंथ टेबलावर ठेवला की तो फायलीखाली जातो. २००१ साली 'सर्च'ने इतर संस्थांच्या साथीने बालमृत्यूंचा अहवाल काढला. मुले सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक मरतात, असे त्यात दाखवले होते. त्याचे नाव ठेवले 'कोवळी पानगळ'. लेखक म्हणून मला या दोन शब्दांचा हेवा वाटतो. ते समजण्यासाठी ना आमदाराला शब्दकोश लागला, ना पाणवठ्यावरच्या बाईला. सरकारला समिती नेमावी लागली, तीही डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली. आणि २००४ साली तिचा पहिला अहवाल आला.

संशोधकांवर सगळा दोष टाकून मी मोकळा होणार नाही. शेवटचा तक्ता भरला की बहुधा त्यांचा पैसाही संपतो. परतीच्या खेपेचे भाडे कोणी मंजूरच केलेले नसते. वास्तविक हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने २०१३ सालच्या मसुद्यात स्पष्ट म्हटले आहे की, अभ्यासात सहभागी झालेल्यांना त्याचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. नियम आहे, तो पाळण्यासाठी पैसा नाही आणि विचारणारा कोणी नाही. म्हणून जो पैसा मंजूर करतो त्याने आधीच विचारावे : परत कोण जाणार, केव्हा जाणार, कोणत्या भाषेत सांगणार?

आणि आपण? सरपंचांनी ग्रामसभेत विचारावे, मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकाशी विचारावे. निष्कर्ष आणून द्या. आमच्या शाळेची भिंत मी स्वतः रंगवून देईन, आकड्यांची चित्रे काढून देईन, त्याचे एक पैसाही घेणार नाही. पण पुढच्या खेपेला जीप आली, तर रांग लावण्यापूर्वी मी त्यांची परत येण्याची तारीख लिहून घेणार आहे.